आक्काचा फोन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर स्क्रीनकडे बघायला मनाई होती. आता अक्षरं स्वच्छ दिसतात, इतकी की स्वतःचेच जुने लेख वाचताना शुद्धलेखनाच्या चुका डोळ्यात खुपू लागल्या आहेत. असो.

परवा आमच्या पौडच्या कट्ट्यावर निवृत्तांचा नेहमीचा विषय निघाला.. मोबाईलने माणसं दुरावली. एकाने मोहित्यांच्या वडगावचं उदाहरण दिलं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं हे गाव. तिथे २०२२ साली गावाने मिळून ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरातले टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि पोरांनी पुस्तक घेऊन बसायचं. शिक्षक म्हणून मला ते आवडलंच. पण मग गाडी नेहमीप्रमाणे पत्रांवर घसरली. काय ती पत्रं, काय तो जिव्हाळा, पोस्टमनची वाट बघण्यात काय मजा होती वगैरे. "सर, तुम्ही तर मराठीचे. सांगा यांना," म्हणून सगळे माझ्याकडे वळले.

मी नुसती मान हलवली. एक तर हल्ली कट्ट्यावर मला निम्मंच ऐकू येतं. आणि दुसरं म्हणजे, मला जे सांगायचं होतं ते चहा संपेपर्यंत सांगून होण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितो.

पत्रं गोड होती हे खरं. पण कुणासाठी? ज्याला लिहिता-वाचता येत होतं त्याच्यासाठी. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मुळशीतले कितीतरी पुरुष मुंबईला असायचे. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने आमच्या मावळपट्ट्यातले, म्हणजे मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचे, हे तुम्हाला माहीत असेलच. डब्यावरच्या रंगांच्या आणि अक्षरांच्या खुणांचं हल्ली मॅनेजमेंटवाले फार कौतुक करतात. मुळात वाहणाऱ्याला पत्ता वाचता येत नसला तरी डबा पोचावा म्हणून त्या खुणा आल्या. ज्यांना पत्ता वाचता येत नव्हता ते पत्र कुठून लिहिणार? त्यांच्या बायका संध्याकाळी आमच्या खोलीवर कार्ड घेऊन यायच्या. "गुरुजी, चार ओळी लिवा." पंधरा पैशांचं कार्ड. मी लिहायचो, 'पत्रास कारण की..' आणि पुढे काय? बाईच्या मागे सासू उभी, नाहीतर दीर. बाई मान खाली घालून म्हणायची, "लिवा, समदं बरं हाय." कधी ती माझ्याकडे अशी बघायची की हे बरं नाहीये हे मला कळायचं. पण ते लिहिणार कसं? आणि तिकडे मुंबईच्या खोलीत ते पत्र दुसराच कुणीतरी दहा जणांत मोठ्याने वाचून दाखवणार.

म्हणजे ते पत्र चार लोकांत बसून लिहायचं आणि चार लोकांत ऐकायचं. त्यात जिव्हाळा किती आणि रीत किती, हे मी सांगू शकतो. शेकड्याने लिहिली आहेत.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती शाळेत गेली नाही. घरात मला सांभाळायला कुणीतरी हवं होतं, ते तिने केलं. मी पुढे बी.ए. झालो, ती सोळाव्या वर्षी ताम्हिणीच्या खाली माणगाव तालुक्यात दिली गेली. नकाशावर बघाल तर केवढंसं अंतर! पण तेव्हा घाटात आजच्यासारखा रस्ता नव्हता, आणि पावसाळ्याचे चार महिने ते गाव आम्हाला परदेशासारखंच होतं. तिची पत्रं यायची. अक्षर तिच्या सासऱ्यांचं. 'इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत. तुमची कन्या आनंदात आहे.' वर्षानुवर्षं हेच वाक्य. मी मराठीचा शिक्षक, एक शब्द इकडचा तिकडे नाही म्हणजे काय ते मला कळायचं. पण विचारायची सोय नव्हती, कारण माझं पत्रही तेच सासरे वाचून दाखवणार.

पुढे पौडला एस.टी.डी.चा पिवळा बोर्ड लागला. ती काचेची खोली, आत लाल आकडे पळताहेत, आणि बाहेर रांगेतले लोक आपल्याकडे बघताहेत. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, पण गावाकडे रात्री अकराला फोन कुणाला करणार? आक्काच्या गावात फोन होता एकाच्याच दुकानात. आधी फोन करून निरोप द्यायचा, पंधरा मिनिटांनी परत लावायचा. आक्का शेतातून धापा टाकत यायची. दुकानात गिऱ्हाईक, दुकानदार, त्याची बायको. मी विचारायचो, "कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी हाय. तुमी समदी बरी?" झालं. पैसे भरायचे आणि बाहेर यायचं. पत्रातलंच वाक्य, फक्त आता तिच्या आवाजात.

आता मोबाईलचं. भारतात पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांच्या पुढे दर होता आणि आलेल्या फोनलाही पैसे पडायचे! आमच्यासारख्यांनी तो सिनेमातच पाहिला. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले आणि मग चित्र पालटलं. आमच्याच तालुक्यातल्या हिंजवडीत आयटी पार्क उभं राहत होतं, तिथे म्हणे लिफ्टमध्येसुद्धा रेंज. आणि इकडे धरणाच्या अंगाला गेलं की डोंगर आड आला, रेंज गेली. कुठल्या वळणावर दोन काड्या येतात हे एसटीच्या ड्रायव्हरला पाठ असायचं. मी २००४ साली फोन घेतला. माझी रेंज होती माडीवरच्या पश्चिमेच्या खिडकीत, तीही उजव्या कोपऱ्यात. एसएमएस मात्र मला कधी जमला नाही. देवनागरीत सत्तर अक्षरांत मेसेज संपायचा, रोमनमध्ये एकशे साठ मिळायची. त्या काटकसरीपायी पोरं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागली, आणि 'पाणी'चं 'पनी' वाचून माझं डोकं उठायचं.

आक्काचा मुलगा तेव्हा रोह्याला कंपनीत होता. त्याने २००५च्या उन्हाळ्यात आईला नोकियाचा तो टॉर्चवाला फोन दिला, ११०० नंबरचा. ते लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे घरात त्याचं स्वागत बॅटरी म्हणूनच जास्त झालं. (मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून त्यावर वीज होते आणि ती मुंबईला जाते. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला, हे मी वर्गात शिकवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन कंदील लावायचो. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आक्काला आकडे वाचता येत नव्हते. पण भाचा हुशार. तुम्ही कधी हात लावून पाहिलंय का, बटणांच्या फोनवर मधल्या पाचच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो. अंधारात, न बघता बोटाला जागा कळावी म्हणून. त्याने त्या पाचवर माझा नंबर ठेवला. टिपका लागला की दाबून धरायचं, मामाला फोन लागतो. एवढंच शिकवलं.

तिच्या घरात रेंज नव्हती. रेंज होती घरामागे, शेताच्या बांधावरच्या आंब्याखाली. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, अंधार पडता पडता, माझा फोन वाजला. पलीकडून आक्का. तिचं पहिलंच वाक्य होतं, "आप्पा, कुनी हाय का रं तुझ्याजवळ?"

मी म्हटलं, नाही, माडीवर एकटाच आहे.

"हितं बी कुनी न्हाय," ती म्हणाली. आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग तिने सांगितलं ते असं. (हे तिला विचारून लिहितोय. "ल्ही की, आता कोन ऱ्हायलंय रागवायला," असं म्हणाली.)

आमचे वडील गेले जुलै १९७४मध्ये. पाऊस असा होता की घाटाखाली माणूस पाठवणं अशक्य. मी पोस्टात जाऊन तार केली, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे इंग्रजीतच. 'फादर एक्स्पायर्ड, स्टार्ट इमिजिएटली.' आक्का आली नाही. दहाव्याला आली नाही, तेराव्यालाही नाही. आली ती थेट भाऊबीजेला, सासूबरोबर. आईने ते मनात धरलं. "बाप मेला तरी लेक आली न्हाय," हे वाक्य आमच्या घरात पुढची पंधरा वर्षं होतं. आई गेली १९८९मध्ये, तोपर्यंत. आक्का समोर असली की आई हे बोलायची नाही, पण तिच्या ताटात वाढताना हात आखडायचा. आक्कालाही ते दिसायचंच.

तर आंब्याखालून आक्का म्हणाली, "तार आली व्हती तवा लावनी चालू व्हती. मामांजींनी कुनाकडनं तरी वाचून घितली आन् खिशात ठिवली. मला सांगितली लावनी उरकल्यावर. तवर तेरावा झाला व्हता. म्हनले, आता जाऊन काय करशील?"

एकतीस वर्षं झाली होती. सासरे जाऊनही बारा वर्षं झाली होती. मी विचारलं, "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? दर भाऊबीजेला येत होतीस."

त्यावर ती जे म्हणाली ते माझ्या कायम लक्षात राहिलं. म्हणाली, "कुनी ना कुनी संगं असायचंच. आन् तुझं त्वांड बघून ह्ये बोलाया जमलंच नसतं. हितं अंधार हाय, बरं पडलं."

मी बी.ए.ला पत्रवाङ्मय अभ्यासलं आहे. मोठमोठ्या लोकांची पत्रं वाचली आहेत. पण माझ्या बहिणीला आयुष्याची त्रेसष्ट वर्षं झाल्यावर पहिल्यांदा, मधे कुणी वाचणारा नाही, लिहिणारा नाही, दुकानदार नाही, असं आपल्या भावाशी बोलता आलं ते त्या टिपक्याच्या बटणामुळे. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी तिचा आंब्याखालून फोन यायचा. सुरुवात ठरलेली, "कुनी हाय का?" मग सून, गुडघे, भावकीतली जमीन, देवाला बोललेला नवस, सगळं. कुणाला ही चहाडी वाटेल. मला नाही वाटत. चाळीस वर्षांचं साठलेलं होतं ते.

२०१३च्या जुलैत सरकारने तार बंद केली. वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त करणारे लेख आले. मी आक्काला फोनवर सांगितलं की आता तार बंद झाली. ती म्हणाली, "बरं झालं."

यानंतरचं सगळ्यांना माहीत आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि घरातल्या प्रत्येकाच्या हातात पाटी आली. कोरोनात आमच्याकडची पोरं रेंजसाठी डोंगरावर जाऊन शाळा शिकली. आमच्यासारख्यांना पोलिसाच्या नावाने 'डिजिटल अरेस्ट'चे फोन येऊ लागले. मला एक आला होता. मला ऐकूच येईना, तेव्हा तोच कंटाळला. :)

त्यावरून कानाकडे येतो. निवृत्तीनंतर चार-पाच वर्षांत कान जायला लागले. लोकांना वाटतं बहिरेपण म्हणजे आवाज बारीक होणं. तसं नसतं. म्हातारपणात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. आपल्या भाषेत स्वर असतात खालच्या पट्टीत आणि स, श, फ, त, च ही मंडळी वरच्या. म्हणजे काना-मात्रा ऐकू येतात, व्यंजनं गळतात! व्याकरण शिकवणाऱ्याची देवाने केलेली चेष्टाच म्हणायची. त्यात साध्या फोनच्या लाईनवर आवाजाच्या वरच्या पट्ट्या मुळातच कापलेल्या असत, साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं काही जायचंच नाही. त्यामुळे समोरच्या माणसाचं एकवेळ कळायचं, फोनवरचं नाही. आक्का म्हणायची 'सात', मला ऐकू यायचं 'आ'. मशीन घेतलं, तर फोन कानाला लावला की ते शिट्टी मारतं. शेवटी फोन स्पीकरवर टाकायला लागलो.

आणि तिथेच घात झाला. स्पीकरवर आक्काचा आवाज सगळ्या घरात घुमायचा. स्वयंपाकघरातून आमची सून, "आत्या, बऱ्या आहात ना?" नातू मधेच काहीतरी विचारणार. आक्काने दोनदा विचारलं, "कुनी हाय का?" तिसऱ्यांदा विचारलंच नाही. म्हणाली, "बरी हाय. तुमी समदी बरी?"

तेच दुकानातलं वाक्य!

मग भाच्याच्या मुलीने व्हिडिओ कॉल सुरू करून दिले. तुम्ही म्हणाल, छान झालं, ओठ दिसतात, समजायला सोपं. समजायला सोपं झालं हे खरंच. पण बोलणं? अर्धा वेळ आक्काचं कपाळ आणि वरचे वासे दिसणार, मग कुणीतरी फोन सरळ करणार, म्हणजे कुणीतरी शेजारी आहेच. दोन्हीकडची पोरं तोंड घालणार, "आजी, हात हलव." आक्का हात हलवणार. मीही हलवणार. पाच मिनिटांचा कॉल, आणि बोललो काय? "वाळलास रं." "तूही." तिला जे माझं तोंड बघून बोलता येत नव्हतं, ते आता तोंड आणून समोर ठेवल्यावर कसं येणार? आणि लिहिलेला मेसेज तिला वाचता येत नाही. म्हणजे मला ऐकू येत नाही, तिला वाचता येत नाही. ताम्हिणीचा रस्ता एवढा चांगला झाला, पण आम्ही दोघं पुन्हा १९७४च्या पावसाळ्यात.

२०२४च्या जुलैत तर तसाच पाऊस झाला. ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर. घाटात दरड आली, रस्ता बंद, आमच्याकडे वीज गेली आणि पाठोपाठ रेंजही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेव्हा फोनमध्ये जीव आला तेव्हा त्यात आक्काचा निरोप पडलेला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर बोललेला निरोप, पहिलाच. भाच्याच्या मुलीने तिला शिकवलं होतं की हा मामाचा फोटो, हे माईकचं चित्र दाबून धर आणि बोल. दाबून धरण्याची सवय आक्काला पाचच्या बटणापासून होतीच. निरोप दोन मिनिटांचा. आणि मला त्यातलं काही कळेना! चारदा लावला. नुसता पाऊस आणि आ, आ, ए.

नातवाने तोड काढली. बोललेलं लिहून दाखवणारं एक अ‍ॅप असतं, त्याला मराठी येतं. माझा जुना फोन आणि नवा फोन समोरासमोर ठेवायचे. एकावर आक्काचा निरोप लावायचा, दुसरा तो ऐकतो आणि अक्षरं उमटवत जातो. मी ते शिकून घेतलं आणि दोन्ही फोन घेऊन माडीवर गेलो. यंत्राला माझ्यासारखा मोठा आवाज लागत नाही, हळू लावलं तरी चालतं. खाली काही ऐकू जात नाही.

समोर अक्षरं उमटली, 'आपा कोणी हाय का रंग जवळ'.

आक्काच्या बोलीचं यंत्र वाटोळं करतं. 'रं' म्हटलं की ते 'रंग' लिहितं. 'मामांजी'चं 'मामा जी'. एकदा 'लावनी उरकली'चं 'लावणी भरतली' केलं होतं. विरामचिन्हांचा पत्ता नाही. वर्गात असतं तर मी लाल शाईने पान भरलं असतं. आक्का बटण उशिरा सोडते, त्यामुळे शेवटी 'झालं का ह्ये' आणि 'हाड हाड' असं कुत्र्याला उद्देशून केलेलं भाषणही छापून येतं. पण वाक्याचा ठेका तिचा आहे. कुठे थांबली, कुठे तेच दोनदा म्हणाली, ते दिसतं. मी शहात्तर वर्षांचा झालो, आणि आक्काचं पत्र म्हणावं असं काही मला आत्ता वाचायला मिळतंय. अक्षर सासऱ्यांचं नाही आणि 'सर्व मंडळी खुशाल' नाही. मी ते एका वहीत उतरवून ठेवतो, 'रंग' सकट.

उत्तर देणं सोपं आहे. तिचे कान अजून शाबूत आहेत, त्र्याऐंशीव्या वर्षी सुईत दोराही ओवते. मी बोलून पाठवतो, ती आंब्याखाली जाऊन ऐकते. आता रेंज घरातही आहे म्हणे, तरी आंब्याखालीच जाते.

गेल्या आठवड्यात तिचा मोठा निरोप आला, पावणेचार मिनिटांचा. काय ते इथे लिहिणार नाही, आपल्याकडची बरीच मंडळी हे पान वाचतात हे मला माहीत आहे. दोनदा यंत्रातून काढला, एक शब्द तरी लागेना, मग तिसऱ्यांदा. रात्री जेवण झाल्यावर माडीवर जाऊन उत्तर बोललो. सकाळी तिचं परत आलं, चार सेकंदांचं. दोन फोन समोरासमोर ठेवले.

'बरं मग तसं कर रंग'.